टर्मिनलमध्ये रेस्टॉरंट बांधायचं तर आधी रात्रीचे तास मोजा

प्रश्न असा आहे की मॉलमध्ये तीन-चार रेस्टॉरंट उभी केलेल्या एका मालकाला विमानतळाच्या टर्मिनलमध्ये, सिक्युरिटी चेकच्या आतल्या बाजूला, साधारण दोनशे चौरस मीटर जागा मिळतेय. टर्मिनल चालू आहे आणि गर्दीचं आहे. त्यांचा नेहमीचा काँट्रॅक्टर म्हणतो, मॉलमध्ये ४५ दिवसात करतो, इथे फार तर ६० लागतील. हे धरून चालावं का, आणि मॉलपेक्षा इथे वेगळं काय असतं?

मी बरीच वर्षं हीच कामं करतोय, चालू टर्मिनलमधली किचन, कॉफीचे काउंटर, लाउंज. सरळ सांगतो, ६० दिवस होणार नाहीत. तुमचा काँट्रॅक्टर खोटं बोलतोय असं नाही, त्याने दिवस मोजलेत आणि इथे तास मोजावे लागतात.

हिशोब करून बघा. मॉलमध्ये शटर ओढलं की आत दिवसाचे आठ-नऊ तास काम निघतं. टर्मिनलमध्ये आवाजाचं, धुळीचं, वासाचं, वेल्डिंगचं काम बहुतेक ठिकाणी फक्त रात्रीच करू देतात, शेवटची मोठी गर्दी गेल्यापासून पहाटेची पहिली गर्दी यायच्या आत. समजा रात्री ११ ते पहाटे ५. कागदावर सहा तास दिसतात. त्यातला एक तास माणसं आत घेण्यात जातो, कारण प्रत्येक मिस्त्री, प्रत्येक हेल्पर, त्याचे बूट, त्याचा डबा, त्याची हत्यारांची पेटी सगळं स्क्रीनिंगमधून जातं. मग त्या रात्रीचं परमिट घ्यायचं, सही करणारा ड्युटी मॅनेजर दुसऱ्या टोकाला असतो, अर्धा तास. सामान सर्व्हिस लिफ्टने वर आणायचं, ती लिफ्ट तुमच्या एकट्याची नसते, पाऊण तास. शेवटी झाडलोट, मलबा बाहेर, हत्यारं मोजून परत, आणखी पाऊण तास. उरले तीन. मॉलचे ४५ दिवस गुणिले ९ तास म्हणजे ४०५ तास, भागिले ३, म्हणजे १३५ रात्री. बॅरिकेडच्या आत दिवसा थोडं शांत काम करू दिलं, वायरिंग, पुट्टी, फर्निचर जोडणं वगैरे, तर ते ९०-१०० वर येतं. त्याच्या खाली मी कोणालाही शब्द देत नाही. आणि हे काम सुरू झाल्यानंतरचं झालं, त्याआधी नकाशे मंजूर होणं आणि माणसांचे पास निघणं हा वेगळा काळ आहे. पास निघायला माणसाची पार्श्वभूमी तपासतात, त्यामुळे आज सुतार आजारी पडला म्हणून उद्या दुसरा आणला असं इथे होत नाही. पहिल्या दिवशीच गरजेच्या दीडपट माणसांचे पास काढून ठेवा.

हे सगळं भाड्याच्या तारखेला जोडून बघा. विमानतळाच्या करारात बहुतेक वेळा वर्षाची किमान हमी रक्कम किंवा विक्रीतला ठरलेला टक्का, यातलं जे जास्त ते द्यायचं असतं, आणि मुदत मर्यादित असते. ती हमी रक्कम कोणत्या दिवसापासून चालू होते, जागा ताब्यात मिळाल्यापासून की दुकान उघडल्यापासून, ही एक ओळ सही करायच्या आधी वाचा. बांधकामाला ४० रात्री जास्त लागल्या आणि भाडं ताब्यापासून चालू असेल तर पहिल्या वर्षाचा नफा तिथेच गेला. मुदत पाच-सात वर्षांची असेल तर हे नुकसान भरून काढायला वेळही मिळत नाही.

आता जागेबद्दल. मॉलमध्ये तुम्ही आधी लेआउट काढता आणि मग पाइप-डक्ट बसवता. इथे उलटं करा. खाली काय आहे आणि वर काय आहे हे कळल्याशिवाय किचन कुठे येणार हे ठरवूच नका.

खालचं आधी. प्रवासी बसतात त्या मजल्याच्या खाली बऱ्याच टर्मिनलमध्ये बॅगेजचे पट्टे असतात, सॉर्टिंगची मशिनरी, स्कॅनर, कंट्रोल पॅनल. तुमच्या किचनच्या फ्लोअर ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीतून, पाणी झिरपलं तर ते या सगळ्यावर पडतं. माझ्या एका कामात असं झालं होतं, विमानतळाचं नाव सांगत नाही. भांडी धुवायच्या सिंकखालच्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंग भिंतीवर पुरेसं वर घेतलं नव्हतं, जेमतेम चार बोटं. आमच्याच माणसाने केलं होतं आणि पाणी भरून टेस्ट घेतली तेव्हा मी फक्त मधल्या भागाची पातळी बघितली. उघडल्यावर तिसऱ्या आठवड्यात खालून फोन आला, पट्ट्याच्या एका मोटरवर थेंब पडतायत. थेंबच होते, बादली भरेल इतकंही पाणी नव्हतं, पण तो पट्टा थांबवला, त्या वेळच्या बॅगा हाताने उचलून नेल्या आणि आमचं किचन चार दिवस बंद. तेव्हापासून माझा नियम ठरलाय. वॉटरप्रूफिंगचं मेंब्रेन भिंतीवर किमान १५० मिलिमीटर, ओल्या भागात ३००, दाराच्या उंबऱ्याशी आणि प्रत्येक पाइपभोवती वेगळी कॉलर, पाणी भरून ४८ तास ठेवायचं आणि त्या ४८ तासात खाली माणूस उभा करून टॉर्चने वर बघायचं. वरून पाणी कमी झालं का हे बघून काही कळत नाही, खालून बघावं लागतं. शक्य असेल तर स्लॅबखालून जाणाऱ्या ड्रेन पाइपला खालून ट्रे द्या, गळती कळायला सेन्सरसकट.

दुसरं, स्लॅबला भोक पाडणं. मोठ्या टर्मिनलचे स्लॅब खूपदा पोस्ट-टेन्शन असतात, म्हणजे आत ताणलेल्या केबल असतात. कोअर कटिंग करताना अशी केबल कापली गेली तर स्लॅबची ताकद जाते आणि माणसालाही इजा होऊ शकते. म्हणून प्रत्येक भोकाआधी रडारने स्कॅन, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही, खडूने खूण, आणि मग मशीन. एकेका भोकाला परवानगी यायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेव्हा डिझाइनमध्येच भोकं कमी करा. अकरा सिंक आणि अकरा भोकं असा नकाशा माझ्याकडे आला तर मी परत पाठवतो.

ड्रेनचा उतारही इथेच बघा. चिकट पाण्याला मी ५० ला १ पेक्षा कमी उतार देत नाही. किचनपासून टर्मिनलची मुख्य लाइन १२ मीटरवर असेल तर २४ सेंटिमीटर उतार हवा, तेवढी उंची जमिनीत मिळत नसेल तर किचनची फरशी उचलावी लागते, म्हणजे रॅम्प आला, रॅम्पमध्ये जागा गेली. नाहीतर व्हॅक्यूम ड्रेनेज, म्हणजे उताराऐवजी हवेच्या ओढीने पाणी खेचणारी लाइन, ते चांगलं चालतं पण महाग आहे आणि सांभाळणारा माणूस लागतो. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, कुठे आणि तो उपसणार कुठून हेही आत्ताच ठरवा. प्रवाशांच्या मधून ग्रीसचे ड्रम नेऊ देणार नाहीत, आणि देऊही नयेत.

आता वर. किचनचा धूर बाहेर काढायचा तर डक्ट छतापर्यंत न्यायचा, आणि मधे फॉल्स सीलिंगच्या वर आधीच एसीचे डक्ट, स्प्रिंकलर, केबल ट्रे, स्पीकर, कॅमेऱ्याच्या वायरी. तुमच्या डक्टला ज्वलनशील वस्तूंपासून अंतर हवं, किचनच्या धुरासाठीच्या अमेरिकन अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे, एनएफपीए ९६ प्रमाणे, १८ इंच, आत साफ करायला दारं हवीत आणि त्या दारांपर्यंत माणूस पोचला पाहिजे. सीलिंगच्या वर जाऊन स्वतः टॉर्च मारून बघा, ॲज-बिल्ट नकाशावर, म्हणजे बांधून झाल्यावर काढलेल्या नकाशावर, विश्वास ठेवू नका, पंधरा वर्षात त्यात कोणी काय काय टाकलंय ते नकाशात नसतं. छतावर तुमचं एक्झॉस्ट कुठे निघतंय आणि टर्मिनलची ताजी हवा कुठून आत येतेय हेही बघा. मार्गच नसेल तर धूर फिल्टर करून सोडायची यंत्रं असतात पण त्यांचे फिल्टर दर आठवड्याला उतरवून धुवावे लागतात, ते होणार नसेल तर तळण आणि ग्रिल मेनूतून काढा. मेनू डक्टवर ठरतो हे मालकांना पटायला वेळ लागतो पण तसंच आहे.

हवेचा दाब हा मुद्दा फार लोकांच्या लक्षात येत नाही. टर्मिनलच्या आत हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवतात, विमानांच्या इंधनाचा वास आत येऊ नये म्हणून. तुमचं हूड, म्हणजे शेगड्यांवरचं धूर ओढणारं झाकण, तासाला हजारो घनमीटर हवा ओढतं आणि त्याबदल्यात तुम्ही ताजी हवा आत दिली नाही तर ते टर्मिनलची हवा ओढतं, मग बोर्डिंगचं दार उघडलं की सगळ्या गेटवर केरोसीनसारखा वास येतो आणि तक्रार तुमच्यावर येते. जेवढी हवा बाहेर त्याच्या साधारण ८०-९० टक्के ताजी हवा आत, उरलेली टर्मिनलमधून, म्हणजे किचनचा वासही बाहेर बसलेल्यांपर्यंत जात नाही.

गॅस बहुतेक टर्मिनलमध्ये मिळत नाही, सगळं विजेवर. वाफ आणि गरम हवा दोन्हीवर चालणारा दहा ट्रेचा कॉम्बी ओव्हन एकटा १८-२० किलोवॅट खातो, दोन फ्रायर धरा ३०-३५, इंडक्शनच्या चार शेगड्या २०, भांडी धुवायचं मशीन १०-१५, शंभर किलोवॅट कधी झाले कळत नाही. विमानतळ तुम्हाला किती देतोय ते करारात आकड्याने लिहून घ्या.

आगीबद्दल थोडं थांबून लिहितो कारण हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ११ एप्रिल १९९६ ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलसमोरच्या उंच रस्त्याच्या एक्सपान्शन जॉइंटवर वेल्डिंग चालू होतं. वितळलेल्या धातूचे थेंब खाली सीलिंगच्या पोकळीतल्या पॉलिस्टायरीनच्या इन्सुलेशनवर पडले. आग वरच्या पोकळीत पसरत राहिली, धूर टर्मिनलभर गेला आणि १७ माणसं गेली, काही लाउंजमध्ये, काही लिफ्टमध्ये. वेल्डिंग करणारे इमारतीच्या बाहेर होते, आत काय आहे ते त्यांना दिसतही नव्हतं. म्हणून हॉट वर्क परमिटला, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाच्या परवानगीला, कागदी कटकट म्हणणारा माणूस मी साइटवर ठेवत नाही. ठिणगीच्या आसपास ११ मीटरपर्यंत जळणारं काही नको, हलवता येत नसेल तर फायर ब्लँकेटने झाकायचं, भिंतीच्या आणि स्लॅबच्या पलीकडच्या बाजूला दुसरा माणूस, आणि काम संपल्यावर तासभर फायर वॉच, म्हणजे कुठे धुमसत नाही ना यावर नजर ठेवणारा माणूस. हा तास तुमच्या तीन तासांतूनच जातो, म्हणजे वेल्डिंगला दोनच तास उरतात. म्हणूनच मी वेल्डिंग साइटवर करूच देत नाही, फ्रेम, काउंटर, डक्टचे तुकडे बाहेर वर्कशॉपमध्ये बनवून आणायचे आणि इथे फक्त बोल्ट आवळायचे. तुकडे सर्व्हिस लिफ्टच्या दाराच्या मापात. लिफ्टचं दार, आतली खोली, कॉरिडॉरचं वळण, तिन्ही मापं घ्या, मी दोन मीटर ४० चा काउंटर वळणावर अडकलेला बघितलाय.

किचन चालू झाल्यावरचा धोका वेगळा. १९९७ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या हीथ्रोला टर्मिनल १ मध्ये एका रेस्टॉरंटच्या किचनमधून आग लागली होती आणि टर्मिनल रिकामं करावं लागलं होतं. फ्रायरच्या तेलाची आग विझवली तरी तेल गरम राहतं आणि परत पेटतं, त्यामुळे हूडच्या आत वेट केमिकल सिस्टिम हवी, ती तेलावर साबणासारखा थर बनवते आणि थंडही करते. ती सुटली की त्याच क्षणी फ्रायरची वीज आपोआप बंद झाली पाहिजे आणि टर्मिनलच्या फायर पॅनलला सिग्नल गेला पाहिजे. हे जोडणं विमानतळाचाच ठरवलेला काँट्रॅक्टर करतो, त्याची तारीख सगळ्यात आधी घ्या, तो एकटा असतो आणि सगळे दुकानदार त्याच्याच मागे असतात. माझी कितीतरी कामं बाकी सगळं तयार असताना या एका जोडणीसाठी थांबलीत.

धुळीने वाजणारा अलार्म हाही इथे वेगळा विषय आहे. मॉलमध्ये चुकून वाजला तर लोक पार्किंगमध्ये उभे राहतात. इथे सिक्युरिटीच्या आतले हजारो लोक बाहेर गेले तर त्यांना परत तपासूनच आत घ्यावं लागतं आणि दिवसभराच्या फ्लाइट कोलमडतात. म्हणून कटिंगच्या आधी स्मोक डिटेक्टर झाकायचं परमिट, आणि पहाटे झाकण काढलं की नाही याची सही. झाकण राहून गेलं तर तो भाग दिवसभर आंधळा. बॅरिकेड उभं करायच्या आधी त्याच्या आत किंवा मागे कोणता कॅमेरा, स्पीकर, फ्लाइटचा बोर्ड, बाहेर पडायचा मार्ग झाकला जातोय ते बघा. बॅरिकेडच्या आतही स्प्रिंकलर चालूच राहिले पाहिजेत.

आणि हत्यारं. एक रात्र डोळ्यासमोर आहे. पहाटे पावणेचारला पेटी मोजली तर एक कटरचं पातं कमी. यादीत सहा, हातात पाच. सिक्युरिटीच्या आत एक धारदार पातं हरवलं म्हणजे सकाळच्या प्रवाशांआधी ते सापडलंच पाहिजे. चौदा माणसं गुडघ्यावर बसून, मलब्याची पोती उलटून, मोबाइलच्या उजेडात शोधत होती. सापडलं सुताराच्या फूटपट्टीला मागून चिकटलेलं, टेपला. तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यानंतर पातं बदललं की जुनं डबीत, डबीवर आकडा आणि सुपरवायझरच्या खिशात. किचन चालू झाल्यावर सुऱ्यांचंही तसंच, बऱ्याच विमानतळांवर सुरी केबलने टेबलाला बांधलेली आणि नोंदवहीत असावी लागते, म्हणून टेबलाच्या स्टीलमध्ये त्यासाठी हूक आधीच वेल्ड करून आणा.

सामान विमानांच्या बाजूने, एप्रनवरून, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवरून, आणावं लागत असेल तर गाडी पूर्ण झाकलेली, प्लॅस्टिकचा एक तुकडा, एक स्क्रू खाली पडता कामा नये. २५ जुलै २००० ला पॅरिसमध्ये कॉन्कॉर्ड विमान पडलं त्याची सुरुवात धावपट्टीवर पडलेल्या साधारण ४३ सेंटिमीटर लांब धातूच्या पट्टीपासून झाली होती, दुसऱ्या विमानातून पडलेली. ११३ माणसं गेली. ही गोष्ट मी प्रत्येक नवीन हेल्परला पहिल्या रात्री सांगतो, नियम सांगून जे होत नाही ते याने होतं.

डिझाइनबद्दल थोडक्यात. इथला गिऱ्हाईक बॅग घेऊन येतो आणि घड्याळ बघत बसतो. मॉलचा ९०० मिलिमीटरचा रस्ता इथे पुरत नाही, बॅग ओढत दोन माणसं समोरासमोर येतात, १२०० धरा. प्रत्येक खुर्चीशेजारी बॅगेची जागा, नाहीतर ती रस्त्यात येते. सीट थोड्या कमी होतील, होऊ द्या. एकेकट्याने प्रवास करणारे खूप असतात म्हणून भिंतीलगत किंवा काचेलगत लांब काउंटर करा, चारजणांची टेबलं कमी. चार्जिंग प्रत्येक जागी. फ्लाइटचा बोर्ड बसल्या जागेवरून दिसत नसेल तर आत स्वतःचा एक स्क्रीन लावायची परवानगी मागा, बोर्ड न दिसणारा माणूस दुसरं काही मागवत नाही, उठून जातो. रांग तुमच्या भाड्याच्या रेषेच्या आतच मावली पाहिजे, बाहेर गेली की पहिल्याच आठवड्यात नोटीस. दुकान रात्री पुसलं जातं तेही कमी वेळात, म्हणून फरशीचे सांधे कमी, काउंटरखाली पोकळी नाही, कोपरे गोल. सजावटीला लाकूड-फोम वापरायच्या आधी त्याचं आग-टेस्टचं सर्टिफिकेट बघा, अनेक मोठ्या उघड्या टर्मिनलमध्ये आगीचा सगळा आराखडाच या गृहीतावर असतो की दुकानाची आग दुकानाच्या छपराखालीच राहील, त्यामुळे किती जळण्यासारखं सामान आत ठेवता येईल त्यालाही मर्यादा असते.

किचन लहान ठेवा. चिरणं, मॅरिनेट करणं, ग्रेव्ही, बेकिंग हे बाहेरच्या सेंट्रल किचनमध्ये आणि इथे फक्त शेवटचा हात. पाणी कमी, ड्रेन कमी, डक्ट लहान, सुऱ्या कमी, माणसांचे पास कमी. पण मग माल येण्याची वेळ आणि स्क्रीनिंग सांभाळायला कोल्ड स्टोरेज मोठं लागतं, निदान दीड दिवसाचा माल आत राहील एवढं, कारण धुकं पडलं की प्रवासी अडकतात आणि तुमची गाडीही.

तुमच्या काँट्रॅक्टरला काढू नका, तो तुमचं काम ओळखतो. फक्त टर्मिनलमध्ये आधी काम केलेला एक सुपरवायझर त्याच्यासोबत द्या जो परमिट, पास आणि शटडाउन एवढंच बघेल. पाणी, वीज, स्प्रिंकलर यांचे शटडाउन दोन-तीन आठवडे आधी मागावे लागतात आणि एक रात्र चुकली की पुढची पंधरा दिवसांनी मिळते. त्याला सांगा की दिवसांचं वेळापत्रक बाजूला ठेवून रात्रींचं बनवायचं, प्रत्येक रात्रीपुढे तीन तासात काय होणार ते, कोणतं सामान कोणत्या लिफ्टने, कोणतं परमिट. तो कागद तयार झाला की आकडा आपोआप कळेल, साठ की शंभर. सही त्यानंतर करा, आणि सहीच्या आधी एकदा रात्री तिथे जाऊन बॅगेजच्या मजल्यावरून तुमच्या जागेच्या खालचा स्लॅब बघून या.